झोपेचा रकाना

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन जणांनी "काय रे, संपलं का लिहिणं?" असं विचारलं, त्यांना खोटंच सांगितलं की वेळ मिळत नाही. खरं म्हणजे एक गोष्ट डोक्यात घोळत होती आणि ती लिहून झाल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. लिहायची टाळाटाळ अशासाठी की त्यात मी स्वतः फारसा चांगला दिसत नाही. असो.

पोळ्याला सेलूला गेलो होतो. (वर्धा जिल्ह्यातलं सेलू, परभणीचं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं, आमच्या गावाचं नशीबच तसं!) नागपूरहून वर्ध्याकडे निघालात की केळझरचा गणपती ओलांडल्यावर लागतं ते. दोन दिवस राहिलो, तान्हा पोळा बघितला, आईच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ध्याहून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडली. आमच्या भागातल्या प्रत्येक घरातलं एक तरी पोरगं पुण्यात असतं आणि त्याचं गावाशी नातं या ट्रॅव्हल्सच्या बर्थवरच टिकून असतं. आईने नेहमीप्रमाणे सांगितलं, "पोचल्यावर फोन कर." मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "हो गं."

गाडी समृद्धी महामार्गाला लागली. मला स्लीपरमध्ये झोप लागत नाही, नुसता पडून असतो. रात्री अडीचच्या सुमाराला एकदम घर्रर्र असा आवाज झाला आणि अख्खी गाडी थरथरली. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या जाड पट्ट्या असतात ना, त्यावरून चाक गेलं की होतो तो आवाज. गाडी लगेच सरळ झाली. मागे कुणी जागं झालं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. मग मात्र मी उठलो आणि धरत धरत पुढे गेलो.

केबिनमध्ये क्लीनर पाय वर घेऊन गाढ झोपलेला. ड्रायव्हर असेल माझ्याच वयाचा, चाळिशीतला. खिडकी पूर्ण उघडी, मानेभोवती ओला रुमाल, तोंडात खर्रा. मला बघून म्हणाला, "काय भाऊ, झोप नाही येऊन राहिली का?"

मी म्हटलं, "तुम्हाला येऊन राहिली न, म्हणून आलो."

तो हसला. रागावेल असं वाटलं होतं, पण हसला. मग मी तिथेच बसलो आणि तो बोलायला लागला. आदल्या रात्री याच गाडीने पुण्याहून निघून तो सकाळी नागपूरला पोचला होता. गाडी धुणं, टायर-ऑईल बघणं, डिझेल, जेवण. पार्किंगमध्ये गाडीतच दोन तास आडवा झाला, तेही भर उन्हात तापलेल्या पत्र्याखाली. संध्याकाळी परत सुटला. "अन् दुसरा ड्रायव्हर?" मी विचारलं. "हाय न. मांगं झोपला हाय. बारापर्यंत त्यानंच चालवली. काल रात्री अर्धी त्यानं मारली, अर्धी मी. आता त्याले उठवलं त तोही असाच."

म्हणजे कागदावर दोन ड्रायव्हर होते, आणि झोप दोघांत मिळून एकाचीही नव्हती!

मी म्हटलं, पुढच्या पंपावर थांबवा, चहा घेऊ, तोंड धुवा, पंधरा मिनिटं पडा. त्याने थांबवली. सात-आठ मिनिटं झाली नसतील तर मागून आवाज सुरू झाले. "काय झालं? का थांबली गाडी?" "अहो ड्रायव्हरसाहेब, नऊला ऑफिस आहे आमचं!" एक काकू म्हणाल्या की मागच्या वेळी पण असंच उगाच थांबवलं होतं. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, खर्रा थुंकला आणि स्टेअरिंगवर बसला. उजाडेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवतही नाही. पोरांच्या शाळा, कापसाचा भाव, काहीही.

आता माझी गोष्ट सांगतो. त्या काकूंवर मी मनातून चिडलो होतो. आणि चिडता चिडता आठवलं की चार महिन्यांपूर्वी मीच एका ॲपवर अशाच एका गाडीला एक तारा दिला होता. सोबत लिहिलं होतं, "दीड तास उशीर. ड्रायव्हर कारण नसताना थांबत होता." कारण काय होतं ते मी विचारलंच नव्हतं. ही गाडीही मी निवडली होती ती सगळ्यात लवकर पोचते म्हणून, आणि शंभर रुपये स्वस्त म्हणून.

---

आमच्याकडच्या लोकांना 1 जुलै 2023 ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस रात्री दीडच्या सुमाराला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ, पिंपळखुटा गावापाशी उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. त्यात वर्ध्याहून चढलेले बरेच होते, नोकरीला आणि शिकायला निघालेली तरुण पोरं-पोरी. मृतदेह ओळखता येण्यासारखे नव्हते, बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या दिवशी सेलूहून आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यातच होतो, कुठेही जायचं नव्हतं, तरी ती म्हणाली, "तू कुठं आहेस?"

ड्रायव्हर वाचला होता. टायर फुटला, असं त्याने सांगितलं. परिवहन खात्याच्या तपासात टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. डुलकी लागली असावी असं म्हटलं गेलं. नंतर रक्ततपासणीत अल्कोहोल आढळल्याच्या बातम्याही आल्या. त्याचा निवाडा न्यायालय करेल, तो माझा प्रांत नाही. पण "टायर फुटला" हे वाक्य वाचलं आणि मला आमचे मोठे मामा आठवले.

मामांनी तीसेक वर्षं ट्रक चालवला. सेलूची केळी एके काळी नावाजलेली होती (आता बागा खूप कमी झाल्यात), त्या काळात त्यांनी केळी वाहिली. नंतर कापसाच्या गाठी, सरकी, सिमेंट, मिळेल ते. परवा पोळ्याला भेटले तेव्हा त्यांच्याशी याच विषयावर बोलणं झालं होतं, म्हणूनच कदाचित त्या रात्री माझे कान टवकारलेले होते. त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला कधी झोप लागली का हो गाडीवर?"

"लागली न. एकदा त सीधा वावरात गेलो." तुरीच्या शेतात ट्रक घुसला होता. माणूस मेला नाही, जनावर मेलं नाही, नुसतं धुरं फुटलं. "मग शेठला काय सांगितलं?" मामा म्हणाले, "स्टेरिंग लॉक झालं म्हनून सांगितलं. झोप लागली असं कोनी सांगते का राजा? झोप लागली म्हटलं का दुसऱ्या दिवशी गाडीवर दुसराच ड्रायव्हर. स्टेरिंग लॉक झालं, टायर फुटला, नीलगाय आडवी आली... हेच सांगाव."

आणि हे सगळ्यांच्याच सोयीचं असतं. ड्रायव्हरची नोकरी वाचते आणि मालकाला कुणी विचारत नाही की तो माणूस किती तास जागा होता. पोलिसांच्या फिर्यादीतलं वाक्य तर ठरलेलंच आहे, "भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून". वर्षानुवर्षं तेच.

मी कुतूहल म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा 2022 सालचा अपघातांचा अहवाल काढून बघितला. त्या एका वर्षात देशात 4,61,312 अपघात झाले आणि 1,68,491 माणसं मेली. आपल्या महाराष्ट्रात 15,224. कोणत्या नियमभंगामुळे हे झालं याचा तक्ता आहे. त्यात रकाने असे : अतिवेग, दारू पिऊन वाहन चालवणं, उलट्या बाजूने चालवणं, लाल दिवा तोडणं, मोबाइल, आणि इतर. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या अतिवेगाच्या रकान्यात.

झोपेला रकानाच नाही. ती असलीच तर "अतिवेग"मध्ये किंवा "इतर"मध्ये कुठेतरी दडून बसलेली. दारू मोजायला यंत्र आहे, वेग मोजायला कॅमेरा आहे. झोप मोजायला कुणी काही लावलं नाही, म्हणून ती झाली असं कागदावर कधी दिसतच नाही. आणि जे कागदावर दिसत नाही त्याच्यावर उपाय कोण करणार?

झोप काही दारूपेक्षा सौम्य गोष्ट नाही. सलग सतरा-अठरा तास जागलेला माणूस प्रतिक्रिया द्यायला तेवढाच मंद होतो, जेवढा रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेला माणूस, हे प्रयोगांतून दिसून आलंय. आपल्या कायद्याची मर्यादा त्याहून कमी, 0.03 टक्के आहे. त्या रात्रीचा माझा ड्रायव्हर दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता. नाक्यावर फुंकायला लावलं असतं तर शंभर टक्के पास! ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ नव्वद मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. आणि रात्री दोन ते पाच ही वेळ अशी की शरीर झोप मागतंच, तुम्ही कितीही सवयीचे असा.

---

मामा आणखी एक गोष्ट बोलून गेले. "आमच्या वक्ताले रस्ताच झोपू देत नव्हता." खड्डे, एकेरी पूल, समोरून येणाऱ्याचे दिवे, घाट, गुरं. रेल्वेचं फाटक लागलं की गाडी बंद, अर्धा तास डोकं स्टेअरिंगवर टेकून झोप. ढाब्यावर बाज असायची. तेव्हाचे रस्ते चांगले होते असं मामा म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. खड्ड्यांनी माणसं कमी मारली नाहीत. पण ते रस्ते ड्रायव्हरला जागं ठेवायचं काम न सांगता करत होते आणि थांबायचं निमित्तही देत होते. नवीन रस्त्याने ती दोन्ही कामं काढून घेतली, आणि त्यांच्या जागी काय ठेवायचं याचा विचार मागाहून सुरू झाला.

समृद्धी आमच्या सेलू तालुक्यातूनच जातो. येळाकेळीला चढायची सोय आहे. नागपूर ते शिर्डीचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा उघडून 701 किलोमीटर पूर्ण झाले. रस्ता देखणा आहे, यात वादच नाही. आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असो की शेतमाल लांब पाठवायचा असो, चांगला रस्ता हवाच. पण सुरू झाला तेव्हा शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात पेट्रोल पंप सोडले तर टेकायला, खायला फारसं काही नव्हतं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपण, समोर एकसारखं दृश्य. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी 2023 मध्ये या रस्त्याच्या एकसुरीपणामुळे येणाऱ्या गुंगीकडे लक्ष वेधलं. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर, पण मेंदू तिथे नाही अशी अवस्था. मग टोलनाक्यांवर टायर तपासणी, चालकांचं समुपदेशन वगैरे सुरू झालं. चांगलंच आहे. पण ज्याला दोन रात्री झोप नाही त्याचं समुपदेशन करून काय होणार? त्याला उपदेश नको, बाज हवी आहे.

त्याच महिन्यात अपघाताच्या जागी काही लोकांनी महामृत्युंजय यंत्र पुरलं, त्याने आसपास अपघात होणार नाहीत असा दावा केला आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. वाचून आधी हसू आलं, नंतर नाही आलं. जिथे नियमाचं यंत्र चालत नाही तिथे माणसं दुसरं यंत्र शोधतात.

नियम नाहीत असं मात्र नाही. 1961 सालीच मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला फार तर दहा तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हे सगळं साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय! (नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत हा कायदा सामावला गेला.) पण तो कायदा होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांसाठी. आपल्याकडे बहुतेक ट्रकमालक म्हणजे एक-दोन गाड्यांचे धनी, कर्जाच्या हप्त्याने स्वतःच बेजार. मामांच्या शेठकडे दोन ट्रक होते. मामांना तासांचा कायदा कधी लागूच झाला नाही, आणि असा काही कायदा असतो हे त्यांना परवा माझ्याकडून कळलं.

शिवाय पैसे ट्रिपवर. केळीचं उदाहरण घ्या. संध्याकाळी बागेतून घड भरायचे, पहाटेच्या लिलावाला माल बाजारात हवा. दोन तास उशीर म्हणजे भाव पडला, भाव पडला की व्यापाऱ्याने भाड्यातून कापले, शेठने ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापले. वेळेवर पोचलं तर वर पन्नास रुपये. म्हणजे झोपलास तर दंड आणि जागलास तर बक्षीस, अशी ती पद्धत. आजही फार वेगळं नाही, फक्त शेठच्या मोबाइलवर आता नकाशा आलाय. गाडी कुठे थांबली, किती मिनिटं थांबली हे त्याला घरबसल्या दिसतं. ड्रायव्हर किती तास जागा आहे हे दिसत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रक ड्रायव्हरांची पाहणी केली होती. सरासरी जवळपास बारा तास रोजचं चालवणं, आणि थकलेले किंवा झोपाळलेले असतानाही चालवतो असं जवळजवळ निम्म्यांनी कबूल केलं. मामा म्हणतील, उरलेल्या निम्म्यांनी स्टेरिंग लॉक झालं म्हणून सांगितलं असेल!

माझी आतेबहीण जर्मनीत असते. (ती हे वाचते, तेव्हा काही चुकलं तर सांगेलच.) ती गेली तेव्हा तिला सगळ्यात नवल वाटलं होतं ते रविवारी हायवेच्या कडेच्या पार्किंगमध्ये ओळीने उभ्या असलेल्या ट्रकांचं. तिथे रविवारी मोठ्या ट्रकना बंदी असते. एरवीही युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं आणि हे गाडीतलं यंत्र नोंदवून ठेवतं. अमेरिकेतही मालट्रकच्या ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांती झाल्यावर फार तर अकरा तास चालवता येतं, आणि त्याची नोंद यंत्रावर. तिथला ड्रायव्हर काही आपल्यापेक्षा जास्त सद्गुणी आहे असं नाही. त्याच्या झोपेला तिथे रकाना आहे, एवढंच.

---

"पण म्हणजे ड्रायव्हरचा काहीच दोष नाही का?" हा प्रश्न येणार, माझ्या धाकट्या भावाने तो फोनवर विचारलाही. आहे ना. आमचा जिल्हा दारूबंदीचा, पण दारू पिऊन गाडी हाणणारे आमच्याकडेही आहेत. एका हाताने मोबाइलवर रील बघत चालवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. रात्री रस्त्यावर ट्रक उभा करून मागे लाल दिवा न लावणारे, चुकीच्या लेनमध्ये रेंगाळणारे, सगळे आहेत. त्यांना शिक्षा व्हावीच. एसटीसारख्या, डेपो आणि ड्युटीचा तक्ता असलेल्या व्यवस्थेतही अपघात होतात. 29 नोव्हेंबर 2024 ला गोंदियाजवळ शिवशाही उलटून 11 जण गेले, समोरच्या दुचाकीला वाचवताना झालं असं सांगितलं गेलं. तेव्हा झोप हे सगळ्याचं एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही.

आणि चूक प्रत्येक वेळी ड्रायव्हरचीच असते असंही नाही. 15 ऑक्टोबर 2023 ला समृद्धीवरच वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस ट्रकवर मागून आदळली, 12 जण गेले. त्या ट्रकला तपासणीसाठी भर रस्त्यात थांबवल्याचा आरोप ठेवून परिवहन विभागाच्याच दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. रस्त्याचं शहाणपण शिकवणाऱ्यांनाही ते शिकावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षा आपण एकाच टोकाला ठेवतो. जानेवारी 2024 मधला चालकांचा संप आठवतो का? नव्या न्यायसंहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, म्हणून देशभर ट्रक उभे राहिले. नागपुरात पंपांवर ही रांग! आपण सगळे बादल्या-कॅन घेऊन उभे आणि ड्रायव्हर लोकांना शिव्या देत. शेवटी सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं आणि 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. पळून जाणं वाईटच, जखमीला टाकून जाणं तर फारच. पण मार खाऊन मरण्याची भीती त्याला थांबू देत नाही हेही खरं. त्या सगळ्या गोंगाटात एक प्रश्न मी कुठे ऐकला नाही : अपघातानंतर ड्रायव्हरला दहा वर्षं, ठीक आहे. आणि अपघाताच्या आधी त्याला छत्तीस तास जागवणाऱ्याला किती?

काही गोष्टी बदलतायत हे मान्य करायला हवं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. मामांना सांगितलं तर त्यांना पटेना. "ट्रकात एसी? थट्टा करतं का रे?" मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि इंजिनाशेजारची केबिन म्हणजे त्याहून भट्टी. त्यात तीस वर्षं बसलेल्या माणसाला ती थट्टाच वाटणार. पण जुने ट्रक अजून कितीतरी वर्षं रस्त्यावर राहतील, आणि एसीने उकाडा जातो, राहिलेली झोप भरून निघत नाही.

मला विचाराल तर पहिली गोष्ट अगदी साधी आहे : तास मोजा. बसचा असो की ट्रकचा, गाडी किती चालली यापेक्षा माणूस किती चालला हे नोंदवा. अपघात झाला की ब्रेक आणि टायरबरोबर ड्रायव्हरच्या आधीच्या दोन दिवसांचे तास तपासा, ते लिहा आणि त्याबद्दल मालकालाही विचारा. गाडी एक असो की शंभर, सगळ्यांना तोच नियम. ट्रॅव्हल्सवाल्यांनी गाडी शहरात पोचल्यावर ड्रायव्हरला पत्र्याखाली न झोपवता एक पंखा असलेली खोली द्यावी. आमच्या तिकिटात त्यासाठी वीस-तीस रुपये वाढले तर वाढू देत. एसटीच्या डेपोत विश्रांतिगृह असतं, कसंही असलं तरी असतं. म्हणजे ही काही न जमणारी कल्पना नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. मी ते एक ताऱ्याचं परीक्षण काढून टाकलं. त्याने काही फार होणार नाही, माहीत आहे. पण आता तिकीट काढताना मी फोन करून विचारतो, "ड्रायव्हर काल रात्री याच गाडीवर होता का?" पलीकडचा माणूस गोंधळतो. दोनदा फोन कट झाला. एकदा एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, असं आजपर्यंत कोनी विचारलं नाही." दहा जणांनी विचारलं तर निदान उत्तर तरी तयार ठेवावं लागेल. आणि गाडी रात्री थांबली तर ओरडू नका हो. कुणी ओरडत असेल तर त्याला गप्प बसवा. त्या रात्री पंपावर मी हे करायला हवं होतं, केलं नाही. चार लोकांसमोर बोलायचा संकोच वाटला. तेवढ्या संकोचापायी आम्ही सगळे पुन्हा त्याच डोळ्यांच्या भरवशावर निघालो.

सकाळी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होते. मी उतरताना त्याला म्हटलं, "आता तरी झोपा." तो म्हणाला, "झोपतो न भाऊ. चारले परत सुटाचं हाय." घड्याळात साडेनऊ वाजले होते. गाडी धुवायची होती, टायर बघायचे होते.

आईला फोन केला, पोचलो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "झोप झाली का रे गाडीत?" मी हो म्हटलं. मामांच्या शेठला मामांनी जे सांगितलं, त्याच जातीचं ते उत्तर होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात ड्रायव्हर असेल, किंवा रात्रीच्या प्रवासात असं काही बघितलं असेल, तर नक्की लिहा. मला वाचायचं आहे.

ता. क. : आई, हे तू वाचशीलच, दादा वाचून दाखवेल. रागावू नकोस. पुढच्या वेळी दिवसाच्या रेल्वेचं तिकीट मिळतं का बघतो.